लाल पाणी, नितळ पाणी

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. नदीच्या वरच्या अंगाला रंगाऱ्यांची वस्ती होती. ते मंजिष्ठेची मुळं उकळून लुगडी रंगवत. लुगडी धुतली की नदी गावापर्यंत लालसर वाहे.

लाल पाणी कोण पिणार? म्हणून गावातल्या बायका घाटाजवळच्या वाळूत झिरे खणत. खड्ड्यात स्वच्छ पाणी हळूहळू पाझरे, ते करवंटीने घागरीत भरायचं. घागर भरायला वेळ लागे, आणि हाताशी वेळ असला की माणसं बोलतात. गुरं पाजायला आलेले पुरुषही तिथेच टेकत. मग जगात असा विषय उरत नसे, ज्यावर तिथे कुणाचं ठाम मत नव्हतं.

त्या घोळक्यात एक तरुण सून असे. कडेवर तान्ही लेक. ती रंगाऱ्यांच्या वस्तीत मामाकडे वाढलेली, चार अक्षरं शिकलेली. पण बोलायच्या आधी ती स्वतःशीच इतका वाद घाली, की तोवर विषय बदललेला असे.

एकदा गावातली एक म्हैस मेली. म्हैस म्हातारी होती, हे ती मेल्यावर कुणाला आठवेना.

"रंगानं मेली," गावातले आप्पा म्हणाले. आप्पांना सगळ्यातलं सगळं कळे. "विष आहे ते. रंगाऱ्यांचे हात बघा, कोपरापर्यंत लाल."

"त्यांच्या घरचं जेवलं की केस गळतात म्हणे," कुणीतरी म्हणालं.

"म्हणे कशाला? माझ्या मेव्हण्याचे गळले!"

सून चाचरत म्हणाली, "आप्पा, ते नुसत्या मुळांचं पाणी आहे. आम्ही त्यातच खेळलो लहानपणी. आणि… आपण डोहात अंबाडी कुजत घालतो ना, घाण तर त्या पाण्याला…"

दोरासाठी अंबाडीच्या पेंढ्या डोहात दगडाखाली बुडवून सडवायच्या, मग साल सोलून वाख काढायचा, ही त्या गावची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. डोह घाटाच्या जरासाच वर होता. तिथे नाक धरावं लागे, पण गावात त्याला भाकरीचा वास म्हणत.

सगळे आप्पांकडे बघू लागले. मग आप्पा हसले. "सूनबाई, माहेरचा रंग अजून उतरला नाही वाटतं! सासऱ्याचे दोर मात्र घाण, होय ना?"

सगळे हसले. सूनही हसली. तेच तिला पुढे फार दिवस बोचत राहिलं.

आप्पांना द्यायची चोख उत्तरं तिला सुचली, पण घरी गेल्यावर, भाकरी थापताना. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या तिला वाटलं, आपलंच चुकत असेल तर? परवा वाटलं, घाटावरच्या गप्पा त्या, कोण मनावर घेतंय?

पण गप्पा पिकत गेल्या. हातातली करवंटी खाली ठेवून एके दिवशी माणसांनी काठ्या घेतल्या. वस्तीतले रंगाचे माठ फुटले. रंगारी लेकरंबाळं घेऊन निघून गेले. त्या दिवशी नदी शेवटची लाल झाली.

मग पाणी नितळ झालं. तळचे गोटे दिसू लागले. गावानं नदीला ओवाळलं. "बघा, म्हणत नव्हतो?" आप्पा म्हणाले. आता झिरे कशाला खणायचे? बायका घागर सरळ नदीत बुडवू लागल्या. वाऱ्यानं झिरे वाळूनं बुजले.

डोहात अंबाडी सडतच होती.

सून तेवढी पहाटे वळणापलीकडे जाई, गुपचूप झिरा खणून लेकीपुरती कळशी भरून आणी. शेजारच्या वहिनीनं एकदा विचारलं, "कुठे जातेस गं इतक्या लवकर?"

"पाय मोकळे करायला, वहिनी."

ही वहिनी म्हणजे तिच्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली बाई. तिचा मुलगा नुकता चालायला लागला होता. पडला की स्वतःच हसायचा.

गावात पोटाचा आजार आला. आधी म्हातारी माणसं, मग लेकरं. वहिनीचा मुलगाही गेला.

सुतकाचे दिवस सरल्यावर वहिनी सुनेच्या घरी आली. सुनेची लेक अंगणात गुटगुटीत खेळत होती. वहिनी तिच्याकडे बघत बसली. मग तिनं पाणी मागितलं. सुनेनं दिलेल्या तांब्याच्या तळाशी वाळूचे कण होते.

"हे झिऱ्याचं पाणी."

सुनेनं तांब्या परत घ्यायला हात पुढे केला.

"तुला माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं, वहिनी. घाटावर. सगळे हसले तेव्हा…"

"कितीदा सांगितलंस?"

"एकदा."

"एकदा," वहिनी म्हणाली. "त्याला मऊ भात भरवताना मी एकेका घासाला कितीदा विनवायचे, ठाऊक आहे ना तुला? भिंतीपलीकडूनच ऐकायचीस. आणि तू एकदा सांगितलंस. मला तर वेगळं सांगायचं होतंस गं. मी हसले असते, पण रागावून तरी एक घागर झिऱ्याची आणली असती."

तिनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि ती उठून गेली.

दुसऱ्या दिवसापासून सून भर घाटावर झिरा खणून बसू लागली. येईल त्याला सांगू लागली. तेच, त्याच शब्दांत, कुणी हसलं तरी. काही बायका झिऱ्याकडे वळल्या. आप्पा मात्र सांगत, रंगारी जाताना नदीला शाप देऊन गेले. ते ऐकायला जास्त माणसं थांबत, कारण त्यात डोहाचं नाव नव्हतं.

वहिनी रोज येई. झिऱ्यातूनच घागर भरी. सुनेशी मात्र ती पुन्हा कधीच बोलली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: चुकीचं बोलणं गप्पांत आहे तोवरच खोडावं, आणि हसं झालं तरी पुन्हा खोडावं, कारण आपल्यापुरतं राखलेलं खरं दुसऱ्याच्या लेकराला वाचवत नाही.