पिवळा पडलेला वाफा

एका आडगावच्या शासकीय कृषी तंत्र विद्यालयात एकदा शिवारफेरी ठरली. विद्यालय लहान होते. विद्यार्थी वर्षागणिक घटत होते, आणि यंदा तुकडी भरली नाही तर ते बंद होईल अशी कुणकुण होती. म्हणून परिसरातील शेतकऱ्यांना बोलवावे, मुलांनी वाढवलेली पिके त्यांना दाखवावीत, असे वृद्ध प्राचार्यांनी योजले.

सारे वाफे तरारले होते. अपवाद फक्त प्रणाली भोयेच्या हरभऱ्याचा. फुलोऱ्यात आणखी एक पाणी दिले तर दाण्यांचे घाटे अधिक धरतील, असे तिच्या मनाने घेतले होते, आणि प्राचार्य सरांनीही करून पाहायला परवानगी दिली होती. पण त्या भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा झाला नाही. मुळे गुदमरली, झाडे पिवळी पडून माना टाकू लागली. फेरीच्या आदल्या दिवशी तिने सरांना विनवले, की वाफा नांगरून टाकू द्या. सरांनी शांतपणे नकार दिला.

शेतकरी आले, तेव्हा सरांनी त्यांना हिरव्यागार गव्हाजवळ थांबूच दिले नाही. थेट त्या पिवळ्या वाफ्याशी नेऊन उभे केले आणि म्हणाले, "इथे काय झाले ते प्रणाली सांगेल."

ही आपल्याला शिक्षाच आहे, असे तिला वाटले. मान खाली घालून, अडखळत तिने सारे सांगितले. कोणी हसले नाही. एका बाईंनी खाली बसून एक झाड उपटले आणि त्याची काळपट मुळे निरखली. पाणी केव्हा दिले, तेव्हा जमिनीत ओल किती होती, असे एकेकाचे प्रश्न सुरू झाले. उत्तरे देता देता प्रणालीचा आवाज स्थिरावला.

शेवटी त्या बाई म्हणाल्या, "माझाबी हरभरा फुलात हाय, जमीनबी अशीच. उद्या पाणी सोडणार होते. आता नाही सोडत."

सगळे गेल्यावर प्रणालीने विचारले, "सर, इतकी चांगली पिके असताना माझी चूकच आधी का दाखवलीत?"

सर म्हणाले, "चांगले पीक त्यांच्याही रानात असते, बाळ. पण नवे काही करून पाहायचे, तर त्यांचे अख्खे वर्ष पणाला लागते. आपले एका वाफ्यावर भागते. लोकांनी ही जमीन आपल्याला त्याचसाठी दिली आहे. इथे बिघडलेले आपण झाकून ठेवले, तर तेच उद्या त्यांच्या रानात बिघडेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीने वाफ्याशी एक पाटी रोवली. काय केले, काय झाले, आणि खाली स्वतःचे नाव.

हंगाम संपेपर्यंत त्या पाटीपाशी कोणी ना कोणी थांबत राहिले. जूनमध्ये तुकडी काठोकाठ नाही, पण विद्यालय चालू राहण्याइतकी भरली. त्या बाईंची मुलगीही तीत होती.