टिटवीचा माळ आणि अर्धा उड्डाणतळ

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात, झाडी संपून जिथे उघडा माळ लागतो तिथे, एक टिटवी आपल्या टिटव्यासह राहत असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, माळावरच्या खड्यांतच अंडी घालते. ऊन तापले की ती जवळच्या डबक्यात पोट भिजवून येई आणि ओल्या पिसांनी अंड्यांना गारवा देई.

एके दिवशी सिंहाचा प्रधान कोल्हा माळावर आला. म्हणाला, "टिटवीबाई, दर हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे आपल्या डोक्यावरून निघून जातात. त्यांना उतरायला लांब, सपाट पट्टी लागते. महाराज त्यांच्यासाठी उड्डाणतळ बांधणार आहेत. करकोचे उतरू लागले की त्यांच्यासोबत नवनवे बियाणे येईल, सारे जंगल सुखी होईल. तेवढा माळ सोडा."

"आणि आम्ही कुठे जायचं?"

"तळ होईपर्यंत नदीच्या वाळूत राहा. पुढे तळाच्या कडेला पहिली जागा तुमचीच."

टिटवा कुरकुरला. पण टिटवी म्हणाली, "अहो, सगळ्यांचं भलं होत असेल, तर आपण आडवं कशाला यायचं?" आणि दोघे वाळूत राहायला गेले.

हत्तींनी डबके बुजवले. मुरूम आणि चुनखडी पसरून ती पायांनी अशी चोपली की माळाची फरशी झाली. जेमतेम अर्धी पट्टी झाली असेल, तोच कुरणाच्या हद्दीवरून सिंहाची शेजारच्या डोंगरातल्या वाघाशी लढाई जुंपली. होता नव्हता तो चारा लढणाऱ्या रेड्यांना जाऊ लागला. हत्ती उपाशी राहू लागले, आणि एका सकाळी सोंडेतले दगड जागच्या जागी टाकून दूर निघून गेले. लढाई नदीपर्यंत आली. वाळूतली टिटवीची अंडी रेड्यांच्या खुरांखाली फुटली.

टिटवी कोल्ह्याकडे गेली. "प्रधानजी, आमचा माळ परत द्या."

"माळ आता आहे कुठे? तो तळ आहे."

"मग करकोचे कुठे आहेत?"

"लढाई संपू दे. काम थांबलंय, बंद झालेलं नाही," कोल्हा म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला.

जायला दुसरी जागा नव्हती. टिटवी त्या फरशीवरच परतली आणि तिने चार अंडी घातली. चैत्राचे ऊन चढले तशी फरशी तव्यासारखी तापली. पोट भिजवायला ती थेट नदीवर जाई, पण परत येईपर्यंत पिसे सुकून जात. टिटवा दिवसभर पंख पसरून अंड्यांवर सावली धरी. चौथ्या दिवशी दुपारी ती पुन्हा निघाली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता नको जाऊस. आत काही हलत नाही."

पुढे लढाई संपली. सिंह आणि वाघ एकमेकांच्या गळ्यात पडले. कोल्ह्याने जाहीर केले, "जुना तळ अपशकुनी निघाला. नवा तळ नदीपलीकडे, तितरांच्या माळावर होईल!"

टिटवी तडक तिकडे उडाली आणि जीव तोडून ओरडू लागली, "माळ सोडू नका! आमचं काय झालं ते येऊन बघा तरी!"

एक म्हातारा तितर म्हणाला, "टिटवी ओरडली की वाईट होतं म्हणतात, ते काही खोटं नाही. तुमचा तळ अर्धा राहिला, म्हणून आमचं भलं तुला बघवत नाही होय?" बाकीचे तितर हसले.

चारा पुन्हा मिळू लागला होता; दुसऱ्या दिवशी हत्ती परत कामावर आले. तितरांनी आपली पिले बाजूला घेतली आणि आनंदाने त्यांना वाट करून दिली.

तात्पर्य : मोठ्यांचे काम अर्ध्यावर राहिले, तर ते दुसरीकडे नवे काम मांडतात; पण त्या कामासाठी ज्याने आपली जागा दिली, त्याला नवे मिळत नाही आणि जुनेही परत मिळत नाही.