दाणा जातो, शेंग अडकते

दोष दगडूतात्याचाच होता. फार पूर्वी एका बांधाखाली उंदरांची वस्ती होती आणि तात्या त्यातला सगळ्यात म्हातारा उंदीर, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी भुईमूग भरपूर आला, म्हणून पोरांनी बिळाचं तोंड आणि आतलं कोठार शेंगा मावतील एवढं रुंद केलं. मधला बोगदा मात्र तात्याने जुन्याच मापाचा ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

शेंगा मध्येच अडकू लागल्या. पोरं कुरकुरली, तर तात्याने ज्वारीचा एक दाणा ढकलून दाखवला.

"गेला की नाही? वाट ठणठणीत आहे. तुमच्यातच दम नाही."

"दाणा जातोच हो तात्या. एकदा शेंग टाकून बघा ना," पोरांतली ठकी म्हणाली.

"तू जन्मायच्या आधी हा बोगदा मी खणलाय."

शेंग टाकली असती तर लगेच कळलं असतं. पण मोठ्यांना बघायचं नसतं, फक्त सांगायचं असतं. शेंगा अडकतच राहिल्या, तेव्हा तात्याने दुसरा बोगदा खणायला लावला, तोही त्याच मापाचा, आणि पुन्हा दाणाच टाकून दाखवला.

पाऊस आला आणि बाहेर पडलेल्या शेंगा कुजल्या. ठकी सगळ्यांना घेऊन पलीकडच्या बांधावर गेली. तात्या रिकाम्या कोठारापाशी एकटाच मागे राहिला आणि पावसाळा संपायच्या आत उपाशी मेला.