त्यातलाच एक

नदीकाठच्या एका गावात एक नियम होता. थोरांनी एकदा माणूस ओळखला, की धाकट्यांनी त्याच्या तोंडाकडे पुन्हा बघायचं नाही. असं का, हे विचारायचंही नाही.

गुन्हा घडला की पंचांपैकी एकजण गुन्हेगाराकडे बोट करी. मग ज्या घराची पाळी असेल, त्या घरातल्या तरण्या माणसाने पुढे व्हायचं, मान खाली घालायची आणि त्याच माणसाच्या छातीवर आपलं बोट टेकवायचं. याला साक्षीचं बोट म्हणत. दोन बोटं झाली की शिक्षा. आजवर दुसरं बोट पहिल्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे गेलं नव्हतं आणि गावाला याचा अभिमान होता.

एका संध्याकाळी पंचांपैकी रंगराव कारभाऱ्यांची कडब्याची गंजी जळाली. अंधुक उजेडात त्यांनी कुणाला तरी पळताना पाहिलं. "पलीकडच्या वस्तीतला होता," ते म्हणाले. पलीकडच्या वस्तीत टोपल्या विणणारे लोक राहत. पळणाऱ्याची पाठ दिसते, तोंड नाही, हे कारभाऱ्यांना कुणी म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. टोपल्यावाले नावेतून उतरत होते. घाटावर उभ्या रंगरावांनी त्यांतल्या एकाकडे बोट केलं. "हाच." कोतवाल कोंडिबाने त्याची मानगूट धरली. त्या माणसाचं नाव सटवा.

टोपल्यावाले उतरले ती नाव हौसाची होती. वडिलांचे, म्हादू नावाड्याचे गुडघे गेल्यापासून तीच वल्ही मारी. वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या काठाकडे असते आणि तोंड उतारूंकडे. सात वर्षं, रोजच्या आठ खेपा, तिच्यासमोर चेहऱ्यांखेरीज काही नव्हतं. कोण भांडून आलंय, कोण उपाशी आहे, कुणाचं मूल गेलंय, हे तिला न सांगता कळे. गावातली थोर मंडळी त्याच नावेत बसत आणि पाण्याकडे बघत.

साक्षीच्या बोटाची पाळी नेमकी नावाड्याच्या घराची निघाली. दुपारी पाराकडे जाताना म्हादूने लेकीला समजावलं. "मान खाली घाल, बोट टेकव आणि परत चल. घाट त्यांचा आहे. नाव बंद केली तर खायचं काय?"

"आणि त्या माणसाचं काय, बाबा?"

"त्याची झोपडी जाळतील. बायकापोरांसकट हद्दीबाहेर काढतील. आपल्या हातात काय आहे, पोरी?"

"बोट आहे," हौसा म्हणाली.

पारावर पंच बसले होते. कोंडिबाने आरोपीला पुढे ढकललं.

"हाच," रंगराव म्हणाले. "चल गं म्हाद्याच्या पोरी, टेकव. जेवणं खोळंबलीत."

हौसाने मान वर केली आणि त्या माणसाकडे पाहिलं.

"हा सटवा नाही," ती म्हणाली. "हा लखू."

बाकीचे पंच हसले. रंगराव हसले नाहीत. "दोनशे बैलांच्या बाजारात माझा बैल मी लांबून ओळखतो. आणि तू मला शिकवतेस?"

"बैल ओळखत असाल, आबा. त्याच्याकडे तुम्ही बघता."

"मग सांग, काय खूण आहे ह्याची? तीळ, व्रण, काही तरी?"

"खूण कशाला लागते? काकूंना तुम्ही कुठल्या खुणेवरून ओळखता?"

मागे कुणी तरी फिस्सकन हसलं आणि रंगरावांनी वळून पाहताच खोकू लागलं. हौसा कोतवालाकडे वळली. "कोंडिबादादा, मधे सटवाला सोडला होतास का?"

कोंडिबाने पागोटं सारखं केलं. "पाणी प्यायला सोडला होता. जाऊन त्यांच्या लोकांत बसला. पंचांची हाक आली, तसा उठवून आणला."

"कुणाला आणलास?"

"कुणाला म्हणजे? त्यातलाच एक."

तेव्हा लखू पहिल्यांदा बोलला. "मी सांगत होतो, तो मी नव्हे. दादा म्हणाले, गप उभा राहा, आम्हाला कळतं."

सटवा पळाला नव्हता. वडाखाली टोपल्यांपाशी बसून तो बोलावण्याची वाट बघत होता. हौसाने हाक मारली, तसा आला आणि लखूशेजारी उभा राहिला. एक लांबोड्या तोंडाचा, एक गोल. एकाचं नाक बसकं, एकाचं धारदार. सारखी होती ती फक्त डोक्याची मळकी फडकी.

"आता सांगा, आबा. सकाळी कुणाकडे बोट केलंत?"

रंगरावांनी एकाकडे पाहिलं. मग दुसऱ्याकडे. बोट अर्धं उचललं आणि खाली घेतलं.

शेवटी सगळ्यांत म्हातारे पंच दाजीबा खाकरले. "पोरी, वाद नको. दोघांपैकी एकावर टेकव. कुणावरही. थोरांचा शब्द खाली पडता कामा नये. गंजी जळाली, हे तर खरं ना?"

म्हादूने लांबूनच लेकीला हात जोडले. हौसाने ते पाहिलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"सात वर्षं हे लोक माझ्या नावेत तुमच्या मांडीला मांडी लावून बसतात," ती म्हणाली. "तुमच्या घरातलं धान्य त्यांनी विणलेल्या सुपांत पाखडलं जातं. त्यांच्यातल्या एकाचंही तोंड तुम्हाला ठाऊक नाही. आणि घर जाळायला मात्र कुठलंही तोंड चालतं. माझं बोट मिळणार नाही. आज नाही, पुढेही नाही. दुसरं बोट नसेल तर तुमच्याच नियमाने शिक्षा नाही. नाव बंद करायची तर करा. पण आधी माझ्याकडे नीट बघून घ्या. नाही म्हणणारी कोण होती, असं उद्या कुणी विचारलं, तर दुसऱ्याच पोरीला धरून आणाल."

रंगरावांनी आपलं बोट मुठीत मिटलं. दाजीबांनी कोंडिबाला खूण केली, तशी त्याने सटवा आणि लखूची वाट मोकळी केली.

तात्पर्य: ज्याच्याकडे आपण कधी माणूस म्हणून पाहिलंच नाही, त्याला ओळखलं असं म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही, मग आपलं वय कितीही असो, आणि न पाहता थोरांच्या मागे बोट करणारा त्यांच्या अन्यायात बरोबरीचा वाटेकरी असतो.