लोळूची साल

एक होती गॅलरी. गॅलरीत होती कुंडी. कुंडीत होता लोळू.

लोळू म्हणजे गांडूळ. इवलासा, गुलाबी गुलाबी. साली खायचा, देठं खायचा, मजेत लोळायचा.

एकदा चिमीच्या बाबांनी जाहीर केलं, "आजपासून कचरा वेगळा! ओला कचरा कुंडीत. सुका कचरा डब्यात."

खिडकीत होती केळ्याची साल. उन्हात वाळून कडकडीत झालेली.
"वाळली? म्हणजे सुका कचरा!" बाबा म्हणाले. धप्प! साल डब्यात.

मोरीत होती दुधाची पिशवी. पाण्याने टपटप गळणारी.
"ओली? म्हणजे ओला कचरा!" बाबा म्हणाले. थप्प! पिशवी कुंडीत. थेट लोळूच्या डोक्यावर!

लोळूने पिशवी चाटली. थू थू थू!
"अहो बाबा, ही कोण खाणार? माझी साल द्या!"
पण बाबा गेलेसुद्धा.

लोळूच्या पोटात कुर्रकुर्र. निघाला लोळू. वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.

"डब्या डब्या, साल दे ना!"
"मी नाही जा! झाकण उघडू दे, मग देईन."

वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.
"झाकणा झाकणा, उघड ना!"
"का रे?"
"डबा साल देईना,
पोट माझं भरेना!"
"मी नाही जा! बाबांचा पाय पडू दे, मग उघडेन."

वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.
बाबा सोफ्यावर आडवे. मोबाईलवर व्हिडिओ बघत होते. 'पृथ्वी कशी वाचवावी'. भाग सातवा.
"बाबा बाबा, उठा ना!"
"का रे?"
"झाकण उघडेना,
डबा साल देईना,
पोट माझं भरेना!"
"मी नाही जा! पृथ्वी वाचवतोय ना मी! मोबाईल थांबू दे, मग उठेन."

वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.
"मोबाईल मोबाईल, थांब ना!"
"का रे?"
"बाबा उठेनात,
झाकण उघडेना,
डबा साल देईना,
पोट माझं भरेना!"
"मी नाही जा! वायफायचं बटण बंद होऊ दे, मग थांबेन."

वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.
"बटणा बटणा, बंद हो ना!"
"का रे?"
"मोबाईल थांबेना,
बाबा उठेनात,
झाकण उघडेना,
डबा साल देईना,
पोट माझं भरेना!"
"मी नाही जा! चिमीचं बोट लागू दे, मग बंद होईन."

वळवळ सुळुक, वळवळ सुळुक.
चिमी बसली होती गाल फुगवून. बाबा घोडा होत नव्हते ना!
"चिमे चिमे, बटण दाब ना!"
"का रे?"
"बटण बंद होईना,
मोबाईल थांबेना,
बाबा उठेनात,
झाकण उघडेना,
डबा साल देईना,
पोट माझं भरेना!"
"मी नाही जा! मी रुसलेय. हसू येऊ दे, मग दाबेन."

आता हसू कुठून आणायचं? मागायला कुणी उरलंच नाही!

मग लोळू चढला चिमीच्या तळपायावर. वळवळ वळवळ वळवळ!
"ई ई ई! ही ही ही! हो हो हो!"

चिमी हसली. चिमीने बटण दाबलं. टक!
बटण बंद झालं. मोबाईल थांबला.
बाबा ताडकन उठले. "अरेच्चा! बुडाली वाटतं पृथ्वी!"

चिमीने बाबांना ओढत डब्यापाशी नेलं. "बाबा, लोळूची साल द्या."
"अगं, पण ती वाळलीये."
"वाळली म्हणून काय पापड झाली? लोळू खातो ते कुंडीत. लोळू खात नाही ते डब्यात!"
"हात्तिच्या!" बाबा म्हणाले.

बाबांनी पाय दिला. खट! झाकण उघडलं. डब्याने साल दिली. पिशवी गेली डब्यात, साल आली कुंडीत.

लोळूने साल खाल्ली. मचमच मचमच. आज खाल्ली, उद्या खाल्ली, परवा खाल्ली. पोट झालं टुम्म!

मग लोळूने काय केलं?
शी केली! काळी काळी, भुरभुरीत.

बाबांनी चिमूटभर उचलली. नाकाशी नेली. डोळे मिटले.
"व्वा! काय सुंदर खत!"
"बाबा," चिमी म्हणाली, "लोळूची शी आहे ती."

लोळूला मिळाली साल,
बाबांचे झाले लाल लाल गाल!