फळ्यावरची वांगी

एकदा एका शहरात एका होतकरू आचाऱ्याने स्वतःचे छोटेसे भोजनगृह थाटले आणि दारावर पाटी लावली : ‘दहा कोसांच्या आत पिकेल तेच येथे शिजेल.’ पाटी लिहायला अर्धा तास लागला असेल. ती पाळताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले.

नदीकाठच्या मळ्यातून गोजराबाई त्याला भाजी पुरवीत. त्यांच्या काटेरी वांग्यांमुळेच भोजनगृहाचे नाव झाले होते. एका गुरुवारी एका बड्या व्यापाऱ्याने परगावच्या पाहुण्यांसाठी भरल्या वांग्यांचे जेवण ठरवले होते, आणि नेमक्या त्याच सकाळी गोजराबाई आल्या त्या दोन मोठे लाल भोपळे आणि अंबाडीच्या जुड्या घेऊन.

“वांग्यांत अळी पडलीय, बाबा. किडकी आणून देऊ का तुला?” एवढे बोलून त्या निघून गेल्या.

तरुणाने तडक मोठा बाजार गाठला आणि कुठल्या कुठून थंड गाडीतून आलेली पेटीभर वांगी उचलली. एकसारखी, तुकतुकीत. परत आल्यावर मात्र त्याचे चित्त थाऱ्यावर राहीना. चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत त्याच्या नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

त्याचे गुरू, एक वृद्ध आचारी, सकाळपासून कोपऱ्यात बसून भोपळा चिरत होते. ते उठले, त्यांनी हात पुसले, दाराशी टांगलेल्या फळ्यावरची ‘भरली वांगी’ ओल्या फडक्याने पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिले : ‘वांगी नाहीत.’

तरुण धावत आला. “काका, हे काय केलंत? स्वयंपाकघरात ‘नाही’ म्हणू नये, हे तुम्हीच शिकवलंत ना? मीठ संपलं तरी ‘मीठ वाढलं’ म्हणायचं!”

“शिकवलं खरं,” गुरू म्हणाले. “संपलेल्याला आपण ‘वाढलं’ म्हणतो, कारण ते पुन्हा घरात यावं असं आपल्याला वाटतं. पण जे आलंच नाही, त्याला ‘आलं’ म्हण, असं कधी शिकवलं मी तुला? बाजारची वांगी शिजवण्यात काही पाप नाही रे. ती या पाटीखाली वाढणं खोटं आहे. ज्या दारात ‘नाही’ कधी ऐकूच येत नाही, तिथल्या ‘आहे’वर माणसांनी का विश्वास ठेवावा?”

आणि ते पुन्हा भोपळ्याकडे वळले.

तरुणाच्या हाती ओले फडके राहिले. ‘नाहीत’ तेवढे पुसले की झाले, असे त्याला वाटून गेले. हात फळ्यापर्यंत गेलाही. पुसावे की न पुसावे, या घालमेलीत दुपार झाली आणि पाहुण्यांसह व्यापारी दारात उभा राहिला.

“वांगी नाहीत?” फळा वाचून तो गरजला. “अहो, याच वांग्यांसाठी मी या मंडळींना इथवर आणलं! मागच्या गुरुवारी तर होती!”

तरुणाने फडके खाली ठेवले. “मागच्या गुरुवारची गोजराबाईंची नव्हती, शेठ. ती बाजारची होती. मी सांगितलं नाही.”

“आणि मी ती गोजराबाईंची म्हणून गावभर सांगत सुटलो!” व्यापाऱ्याचा चेहरा लाल झाला. दोन पाहुणे तिथूनच माघारी वळले. आता सारेच जाणार, असे तरुणाला वाटले.

व्यापारी पुन्हा फळ्याकडे वळला. मग म्हणाला, “बरं, आज खरोखर काय आहे?”

“भोपळा आहे,” तरुण म्हणाला. “गोजराबाईंच्या बांधावरचा. आणि अंबाडी, लसणाच्या फोडणीची.”

व्यापारी कुरकुरतच पाटावर बसला. पहिला घास त्याने चाखत खाल्ला, पुढचे भराभर. शेवटी त्याने वाटी पुढे केली. “भोपळा घाला आणखी.”

तरुणाने पातेले तिरपे केले. तळाशी काहीच उरले नव्हते.

“भोपळा वाढला, शेठ!” तो मोकळ्या आवाजात म्हणाला. तो शब्द सकाळीही त्याच्या तोंडी आला होता, पण त्याचा अर्थ त्याला आत्ता उमगला.

बाजारची पेटी त्याने परत पाठवली. उद्या गोजराबाई काय घेऊन येतील, हे त्याला ठाऊक नव्हते आणि जिवाची धाकधूक काही थांबली नव्हती. तरीही रात्री घरी जाण्यापूर्वी त्याने फळा स्वच्छ पुसला आणि कोराच ठेवला.