उतू जायचा दिवस

“...मग विकू की ठेवू?”

लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत निनादने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. मास्तर बटणांकडे बघत होते. पूर्वी या जागी तीन मजल्यांची इमारत होती आणि आता चौदा मजले झाले होते, याचं त्यांना कौतुक वाटत असावं.

“कितवा मजला?” त्यांनी विचारलं.

निनादने नववा दाबला. मग फोनमध्ये आईचा मेसेज शोधला, आणि अकरावा दाबला.

त्यामुळे आम्ही आधी नवव्या मजल्यावर थांबलो. दार उघडलं, कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, दार मिटलं.

लोटलीकर मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. चाळीस वर्षं ते एका शेअर दलालाच्या पेढीवर कारकून होते. माणसं माडीवर चढताना आणि पुन्हा ओसरीवर येताना त्यांनी इतक्या जवळून पाहिली, की निवृत्त झाल्यावर स्वतःसाठी दोन धोतरं, एक छत्री आणि एक बटणांचा फोन एवढंच ठेवलं. दर रविवारी सकाळी नौपाड्यातल्या त्यांच्या खोलीवर शेअर बाजार शिकायला पोरं जमतात. फी नाही. मी त्यांचा सर्वांत जुना शिष्य, आणि माझ्या बायकोच्या मते सर्वांत वाया गेलेला.

निनाद खांबेटे अजून शिष्य नव्हता, त्याला व्हायचं होतं. पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी, डोकं तल्लख, आणि ते तल्लख आहे हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याची आई कुमुदिनीबाई. चौतीस वर्षं नर्स होत्या, त्यामुळे अख्खी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. निवृत्तीच्या वेळी हातात आलेली पुंजी त्यांनी मुलाकडे दिली आणि म्हणाल्या, तुला कळतं, तू लाव. त्याने ती सगळी एका बांधकाम कंपनीच्या शेअरमध्ये लावली. मोडकळीला आलेल्या इमारती पाडायच्या, तिथेच नव्या बांधायच्या आणि जुन्या रहिवाशांना परत आणून बसवायचं, हा त्या कंपनीचा धंदा. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही उद्या उठून शेअर घ्याल, आणि खाली आला की माझ्या दारात उभे राहाल.

गंमत अशी, की खांबेट्यांची जुनी इमारतसुद्धा याच कंपनीने पाडायला घेतली होती. म्हणजे म्हातारपणाचं घर आणि म्हातारपणाची पुंजी, दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली.

आज त्या घराचा गृहप्रवेश होता. आणि आजच सकाळपासून शेअर वर चढत होता. निनादने मनात धरलेला आकडा जवळ आला होता. साडेतीनला बाजार बंद होणार होता. मास्तरांना सिस्टरकडून रीतसर आमंत्रण गेलं होतं खरं, पण ते कशासाठी, हे आता लिफ्टमध्ये कळत होतं.

“तुम्ही हो म्हणा, मी आत्ता विकतो,” निनाद म्हणाला. “तशी मला सवय आहे. हाच शेअर मी सात वेळा विकलाय. वर गेला की विकायचा, खाली आला की घ्यायचा.”

“अरे वा. मग आता पैसे किती झाले?”

निनादने मनात हिशेब केला. “दलाली, कर वगैरे धरून... साधारण तेवढेच आहेत.”

मास्तरांनी मान डोलावली. अकरावा मजला आला.

घरात नव्या रंगाचा वास होता. सामान म्हणाल तर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक चटई, आणि ओट्यावर एक जुनं पातेलं. ते जुन्या घरातलं होतं. तीन वर्षं भाड्याच्या खोलीत ते सिस्टरनी वापरलं नव्हतं, या दिवसासाठी कागदात बांधून ठेवलं होतं. चार शेजारणी आलेल्या होत्या, सगळ्या जुन्या इमारतीतल्याच. त्यातल्या पेडणेकर वहिनी प्रत्येक खिडकी उघडून पुन्हा लावून बघत होत्या, जणू ती त्यांच्याच घरची होती.

सिस्टरनी खुर्ची पुढे केली. मास्तर बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक नाणं काढलं आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फरश्या त्याने वाजवत निघाले. एक वाजवायची, कान द्यायचा, दुसरी वाजवायची. मागे सिमेंट नीट भरलं नसेल तर फरशी पोकळ बोलते. एकही बोलली नाही.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ही कंपनी कशी आहे?”

उत्तर निनादने दिलं. त्याने कंपनीचा तक्ता केला होता, बासष्ट रकान्यांचा. हातात किती कामं, कर्ज किती, संचालकांकडे किती हिस्सा, सगळं त्याला पाठ होतं. मास्तरांनी मध्ये एकदाही न तोडता सगळं ऐकून घेतलं. खरं सांगायचं तर तक्ता चांगला होता. मी मनातल्या मनात त्यातले तीन रकाने चोरले.

मग मास्तर पुन्हा वळले. “सिस्टर?”

“मला काय कळतंय त्यातलं,” त्या हसून म्हणाल्या.

“तेच म्हणतो मी,” निनाद म्हणाला.

पण मास्तर तसेच त्यांच्याकडे बघत राहिले... तेव्हा त्या बोलू लागल्या. दोन गल्ल्या सोडून त्यांची भाड्याची खोली होती. घराची आठवण यायची, म्हणून संध्याकाळी त्या या फाटकासमोरच्या बाकावर येऊन बसायच्या. तीन वर्षं हाच त्यांचा फेरफटका. स्लॅब टाकला की तो पक्का व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्यावर छोटे बांध घालून पाणी साठवलेलं असायचं. खांबांना गोणपाट गुंडाळून ओलं ठेवलेलं. पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या एका बिल्डरचं काम चालू होतं, तिथे आज स्लॅब पडला की परवा वरचे खांब उभे, पाण्याचा पत्ता नाही.

“पाडव्याला सगळं ठाणं सुट्टीवर होतं,” त्या म्हणाल्या. “इथे वर एक माणूस नळी धरून पाणी मारत होता. मी त्याला चार करंज्या दिल्या.”

“आई, हे मी कुठल्या रकान्यात घालू?”

“घालू नकोस. चार्ट वाचायचाच असतो रे. पण आम्ही आधी पेशंटच्या पायाला हात लावून बघायचो, ऊब आहे की गार पडलेत.”

निनादने फोनकडे बघितलं. शेअर अजून चढत होता.

मास्तरांनी आणखी एक विचारलं. या कंपनीत पैसे लावलेत, त्याचं काय वाटतं? यावर सिस्टर चक्क लाजल्या. म्हणाल्या, हसू नका, पण मला वाटतं कुठल्यातरी इमारतीत माझ्या नावाची एखादी वीट बसली असेल. कुणीतरी माझ्यासारखंच भाड्याच्या खोलीतून आपल्या जागी परत येईल, त्यात माझा हात लागलेला असेल. त्या विचाराने मला रात्री छान झोप लागते. बाकी सगळं निनाद बघतो.

निनादने मान वर केली नाही.

मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा होता. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं, म्हणजे घरात काही कमी पडत नाही. सिस्टरनी गॅस पेटवला, पातेलं ठेवलं. उंबऱ्यापाशी रांगोळी अर्धी राहिली होती ती पुरी करायला जाताना त्या निनादला म्हणाल्या, “दूध वर आलं की मला हाक मार.”

निनाद ओट्यापाशी उभा राहिला. उजव्या हाताशी दूध, डाव्या हातात फोन. दोन्हीकडे चढतंच होतं.

पातेल्याच्या कडेने बुडबुडे आले. साय सुरकुतली. शेजारणी स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाल्या. वहिनींनी हात जोडलेसुद्धा. दूध फुगलं, वर आलं, काठाला लागलं...

निनादने गॅस बंद केला.

दूध खाली बसलं. रांगोळीचा डबा हातात घेऊन सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

“अरे मेल्या,” पेडणेकर वहिनी म्हणाल्या, “आज ते उतू जायला हवं होतं.”

आधी त्यांना हसू फुटलं, मग सगळ्यांना. सिस्टर इतक्या हसल्या की हातातली रांगोळी नव्या फरशीवर सांडली. बिचारा निनाद गॅसच्या बटणावर हात ठेवून तसाच उभा होता. लहानपणापासून त्याला दुधापाशी उभं करत आले होते, आणि ते त्याने आजवर एकदाही उतू जाऊ दिलं नव्हतं. आज हात आपोआप गेला.

“सवय झालीय,” तो म्हणाला.

“कितव्यांदा?” मास्तरांनी विचारलं.

निनादने बटणावरचा हात काढला. त्याने दुधाकडे बघितलं. मग फोनकडे बघितलं...

“आठव्यांदा,” तो म्हणाला.

शेजारणींना काही कळलं नाही. मला कळलं, आणि मला त्या पोराबद्दल एकदम माया वाटली. इतकं लवकर मला कधीच काही कळलेलं नाही.

तो आईकडे वळला. “आई, तुझे ते शेअर... मी सात वेळा विकले. तुला सांगितलं नाही.”

“आणि?”

“परत घेतले.”

“म्हणजे आहेत ना?”

“आहेत.”

“मग दूध परत लाव. तीन मिनिटं राहिलीत.”

निनादने नव्या ओट्याचा खण पहिल्यांदा उघडला, त्यात फोन ठेवला आणि खण लावून टाकला. गॅस पेटवला. दूध तापलेलंच होतं, त्याला वेळ लागला नाही. ते वर येऊ लागलं तसा त्याचा हात पुन्हा बटणाकडे निघाला. मी पाहिलं, मास्तरांनीही पाहिलं असणार. निनादने तो हात दुसऱ्या हाताने धरला आणि दोन्ही पाठीमागे घेतले.

दूध काठावर आलं, क्षणभर थांबल्यासारखं झालं, आणि चोहोबाजूंनी उतू गेलं. बर्नर चुरचुरला, ज्योत विझली, सिस्टरनी बटण फिरवलं. ओट्यावरून दुधाचा एक ओघळ जमिनीपर्यंत आला आणि निनादच्या पायाच्या अंगठ्याला लागला. तो बाजूला झाला नाही.

आधी कुठल्या बाजूने गेलं यावर शेजारणींचं भांडण जुंपलं. पूर्वेकडून गेलं तर उत्तम. पण जुन्या इमारतीत पूर्व मोरीकडे होती आणि नव्या इमारतीत पूर्व कुठे आहे हे अजून कुणीच बघितलं नव्हतं. शेवटी वहिनींनी निकाल दिला, की दूध गेलं ती पूर्व. सगळ्यांनी तो आनंदाने मान्य केला. सिस्टर ओल्या ओट्यावरून हात फिरवत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. मलाही उगाचच भरून आलं, म्हणून मी खिडकी उघडून बाहेर बघितलं.

उरलेल्या दुधात साखर घालून सगळ्यांना वाटलं. अर्धा-अर्धा कप आलं. इतकं गोड दूध मी बऱ्याच दिवसांत प्यालो नव्हतो.

निनादने सगळ्यांना कप नेऊन दिले. आईने फडकं घेतलं ते त्याने काढून घेतलं, आणि ओटा पुसला, फरशी पुसली, रांगोळीही पुसून पुन्हा घालायला घेतली. ती वाकडी झाली. खणातल्या फोनकडे तो फिरकला नाही.

दोनच्या सुमाराला आम्ही निघालो. निनाद आम्हाला लिफ्टपर्यंत पोचवायला आला. बाजार बंद व्हायला अजून दीड तास होता. त्याने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही, दुसरा विचारला.

“सर, म्हणजे... कधीच बंद करायचं नाही?”

“उद्या सकाळी चहाचं दूध ठेवशील,” मास्तर म्हणाले, “ते वेळेवर बंद कर. नाहीतर आई ओरडेल.”

निनाद हसला. मग गंभीर झाला.

“पण आजचा दिवस कुठला आणि उद्याचा कुठला... हे मला कसं कळणार?”

लिफ्ट आली. मास्तर आत गेले. छत्री हातात धरून त्यांनी तळमजला दाबला, पहिल्याच झटक्यात बरोबर. दार मिटायला लागलं तेव्हा ते म्हणाले,

“ज्याचं दूध आहे, त्याला विचारायचं.”